मदत हवी आहे: एमओएफच्या पेलेटचा इम्पेडन्स स्थिर होत नाहीये

राम राम मंडळी, जळगावहून लिहितेय, एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे. यूआयओ-६६ म्हणजे झिरकोनियमचं एमओएफ (धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून बनलेला, सूक्ष्म छिद्रांचा स्फटिक पदार्थ), सल्फोनिक ॲसिडचे ग्रुप असलेलं बनवलंय आणि आता त्याची पावडर दाबून केलेल्या चकतीची, म्हणजे पेलेटची, प्रोटॉन कंडक्टिव्हिटी (तिच्यातून प्रोटॉन किती सहज वाहतात ते) मोजायचीय. पण इथल्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की पेलेटला कडेने बारीक तडे जातात, आणि प्रोटॉन तर छिद्रांतल्या पाण्याच्या साखळीवरूनच पुढे सरकतो ना, पाणी उडालं की सगळं ठप्प. बंद डब्यात मिठाचं संपृक्त द्रावण ठेवून ७५ टक्के आर्द्रता मिळते, ते जमतं, पण पेलेट किती तास आत ठेवून मग रीडिंग घ्यायचं? इम्पेडन्सच्या, म्हणजे एसी करंटला होणाऱ्या विरोधाच्या, आलेखातलं (नायक्विस्ट प्लॉट) अर्धवर्तुळ दरवेळी सरकतंय. पुढे याच पावडरवर अमोनिया सेन्सिंग करायचंय, तेव्हा ओलाव्याचा सिग्नल कोणता आणि अमोनियाचा कोणता हे कसं ओळखता? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा.