भीमेवरच्या उजनी धरणातल्या चिलापी (तिलापिया) माशाला शिव्या घालणाऱ्यांसाठी

भीमाकाठ: काल एकानं लिहिलं, "चिलापी झपाट्यानं वाढते, देशी मासा मंद, म्हणून तो संपला." वाचून डोकं फिरलं. कटला पहिल्या वर्षात किलोभर भरतो. दाटीत वाढलेली चिलापी तळहाताएवढीच राहते. ती जिंकते विणीत. दोन-तीन महिन्यांत अंड्यावर येते, मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, साचल्या पाण्यात वर्षातून कितीदा तरी. रोहूची मादी लाखांनी अंडी देते, पण पुराचं वाहतं पाणी मिळालं तर. धरणात ते कुठून आणायचं?

जाळीवाला: खरं असेल. पण आमच्याकडं माशांचं बीज (बारकी पिल्लं) सोडलं नव्हतं त्या साली जाळ्यात दुसरं काही नव्हतंच. पोरीची फी चिलापीवर भरली. तिला शिव्या द्यायच्या आधी आमच्या चुलीकडं बघा.

मुळामुठा: रोहू-कटला "देशी" कधीपासून? ते गंगेचे, भीमेत माणसानं आणून सोडलेले. आपला मासा खडस, म्हणजे दख्खनचा महसीर. साइक्स या इंग्रज अधिकारी-अभ्यासकानं 1839 साली त्याची नोंद केली ती मुळा-मुठेतल्या माशावरून. आज पुण्यात नदीकाठी उभं राहवत नाही, खडस कुठला!

भीमाकाठ: विषय विणीचा चाललाय, मुळा-मुठेच्या घाणीचा नाही.

मुळामुठा: विणीचंच सांगतोय! खडसाला स्वच्छ, वाहतं, गोट्यांचं पाणी लागतं. तुम्ही धरण बांधलंत, गाळ भरलात, आता 1952 साली देशात आलेल्या चिलापीवर खापर फोडताय.

जाळीवाला: धरण आम्ही बांधलं नाही, आमची गावं त्यात गेली. नीट बोला. आणि मासा कोण संपवतंय ते मी सांगतो. वडाप! म्हणजे बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्यानं सगळं ओढणं. आमच्या भागात बोटुकली सोडली, आठ दिवसांत तशा जाळ्यानं ओढून काठावर वाळत घातली. बोटाएवढी पोरं होती ती. तक्रार करायला गेलो, तर मलाच परवाना विचारला.

मुळामुठा: गावांचं चुकलं माझं. शब्द मागे घेतो. धरणाचं नाही.

भीमाकाठ: वडापचं मान्य करावंच लागेल, जाळीवाले. तरी माझा मुद्दा उरतोच. वडाप उद्या बंद झालं, तर चिलापी फुकट वाढेल. रोहू मात्र दर साली विकत सोडावा लागेल. 1957 साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी इंजेक्शन देऊन रोहूसारख्या कार्प माशांची अंडी मिळवून दाखवली, म्हणून हे बीज तरी मिळतं.

जाळीवाला: मग सोडा. पण बोटाएवढं नको, वीतभर वाढवून सोडा. आणि त्याच दिवशी जाळ्याचा आस मोजायला माणूस धाडा.