एचपीव्ही पॉझिटिव्ह, पॅप स्मिअर नॉर्मल. तरीही पिशवी काढावी लागते का?

नमस्कार. आम्ही केज तालुक्यातील आहोत. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या (वय ४२) तपासणीच्या अहवालात एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारणीभूत ठरू शकणारा विषाणू) याचे १६ आणि १८ हे प्रकार निगेटिव्ह असून त्याखालच्या एकाच ओळीत ‘इतर १२ हाय रिस्क प्रकार : पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे. पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल आहे. अंगावरून जाणे, संबंधानंतर रक्त जाणे असा कोणताही त्रास त्यांना नाही आणि एचआयव्ही चाचणीही निगेटिव्ह आहे. तरीही एका खासगी दवाखान्यात ‘कॅन्सरचा व्हायरस निघाला आहे, मुले झालेली आहेत, पिशवी काढून मोकळ्या व्हा’ असा सल्ला मिळाला. ऊसतोड महिलांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या, हे २०१९ मध्ये ज्या जिल्ह्यामुळे राज्यभर गाजले, त्याच बीडमध्ये आम्ही राहतो. त्यामुळे हा सल्ला पटकन गळी उतरत नाही.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी जगभरात सुमारे ७० टक्के १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. उरलेल्या बारांत ३१, ३३, ४५, ५२, ५८ हे अधिक जोखमीचे मानले जातात, परंतु अहवालात सगळे एकत्र मोजल्याने जाऊबाईंना नेमका कोणता आहे, ते कळत नाही. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा जो अभ्यास झाला, त्यात एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू आठ वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. तिथेही पॉझिटिव्ह आलेल्या स्त्रियांची आधी कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीसारख्या यंत्रातून गर्भाशयमुखाची पाहणी) आणि गरजेनुसार बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) केली जात होती, सरसकट पिशवी काढली जात नव्हती.

म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटते की, अशा अहवालानंतर वर्षभराने पुन्हा एचपीव्ही चाचणी करणे पुरेसे आहे, की कॉल्पोस्कोपी आत्ताच करून घ्यावी? वेगळे जीनोटायपिंग (विषाणूचा नेमका प्रकार शोधणारी चाचणी) केल्याने उपचारात खरोखर फरक पडतो का, की नुसता खर्च वाढतो? अंबाजोगाई किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात कॉल्पोस्कोपी कोणत्या वारी होते, हे अलीकडे जाऊन आलेल्या कुणी सांगितल्यास मोठी मदत होईल.

आणखी एक. घरात ‘हे कुणाकडून आले’ यावरून कुजबूज सुरू झाली आहे. हा संसर्ग शारीरिक संबंधांतून होत असला, तरी तो वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो, त्यामुळे तो केव्हाचा हे या चाचणीवरून ठरत नाही, एवढे मला ठाऊक आहे. सासूबाईंना समजेल अशा शब्दांत हे कसे सांगावे, तेही कृपया सुचवा.