रोजच्याच जेवणात प्रोटीन कसं वाढवायचं? (अंडं खाते, मांस-मासे नाही)

पायरी_पायरीने:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. वय ४७, वजन ६० किलो. जिने चढताना मांड्या लगेच भरून येतात, बाकी रिपोर्ट सगळे नॉर्मल, डॉक्टर म्हणाले आहारात प्रोटीन वाढवा आणि थोडा व्यायाम करा. डाळ दोन्ही वेळा असते, दूध-दही रोज, अंडं कधीतरी. घरात चौघं आहोत, माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करणं जमणार नाही आणि पावडर शक्यतो नको. रोजच्या खाण्यातच काय बदलू?

घट्ट_डाळ:
आधी हिशोब करा. मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे साधारण ०.८ ग्रॅम धरतात, म्हणजे तुम्हाला ४८, पण हा आकडा कमीत कमीचा आहे. साठीनंतर बरेच तज्ज्ञ १ ते १.२ सांगतात कारण वय वाढतं तसे स्नायू तेवढ्याच प्रोटीनला कमी दाद देतात. तुम्ही आत्ताच ६० धरून चाला असं मी म्हणेन. आणि हे ग्रॅम प्रोटीनचे, पदार्थाचे नाहीत बरं का, ५० ग्रॅमच्या अंड्यात प्रोटीन ६ च असतं.

आता डाळ. दोन वेळा असते म्हणताय पण लावता किती? आज शिजवायच्या आधी कच्ची डाळ वजन करून बघा. १०० ग्रॅम कच्च्या डाळीत २२-२४ ग्रॅम प्रोटीन, ती चौघांत वाटली की तुमच्या वाट्याला जेमतेम ६ येतं. वरून पाणी वाढवलं की वाटी काठोकाठ दिसते पण प्रोटीन तेवढंच राहतं. तीच डाळ २०० ग्रॅम घ्या नि घट्ट ठेवा, वेगळं काही शिजवायला नको आणि घरातल्या सगळ्यांनाच मिळेल. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

सकाळची_घाई:
+१. पण खरी गडबड सकाळी असते, नुसता चहा आणि टोस्ट खाऊन निघालं की दुपारपर्यंत पोटात प्रोटीन नाहीच आणि मग रात्री सगळं भरून काढायला बघतो. २ अंडी नि २५० मिली दूध घेतलं तर २० ग्रॅम तिथेच झाले. अंडी शिजवूनच खा, कच्च्या अंड्यातलं प्रोटीन नीट पचत नाही. दही फडक्यात बांधून टांगून ठेवा, पाणी गळून घट्ट झालं की तेवढ्याच वाटीत जवळपास दुप्पट प्रोटीन मिळतं, खाली जमलेलं पाणी कणीक भिजवायला वापरा, त्यातही थोडं असतं.

मूठभर:
शेंगदाणे, बदाम खा भरपूर!

घट्ट_डाळ:
भरपूर नको हो, ३० ग्रॅम शेंगदाण्यात ७-८ ग्रॅम प्रोटीन आहे खरं पण सोबत १७० कॅलरी, त्यात मुख्य भाग तेलाचा. मूठभर ठीक. त्यापेक्षा सोया चंक्स बघा, सुक्या ३० ग्रॅममध्ये १५ ग्रॅम. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायचे, पुन्हा पाणी घालून पिळायचे, वास जातो. मग कुस्करून कुठल्याही भाजीत घाला.

नवशिका:
डाळ आणि भात एकाच ताटात घेतलं नाही तर प्रोटीन अपुरं राहतं ना?

सकाळची_घाई:
नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरे. धान्यात लायसिन (प्रोटीनचा एक घटक) कमी असतं ते डाळ भरून काढते, एकाच घासात यायलाच पाहिजे असं नाही.

हळूहळू_चढ:
दोन गोष्टी कळकळीने सांगते. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये (तुमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, हे बाकी वाचणाऱ्यांसाठी). आणि नुसतं खाऊन मांड्यांत ताकद येत नाही, स्नायूंना काम द्यावंच लागतं. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठ-बस करा, दमेपर्यंत, एक दिवसाआड. कडधान्यं एकदम वाढवू नका, गॅस होईल, रात्रभर भिजवा आणि ते पाणी फेकून द्या.

पायरी_पायरीने:
सगळ्यांचे मनापासून आभार. डाळ मोजली, चौघांना मिळून १२० ग्रॅम निघाली! उद्यापासून वाढवते. एक विचारायचं राहिलं, थायरॉईडची गोळी चालू आहे, सोया चालेल का?

हळूहळू_चढ:
चालेल, पण गोळीच्या वेळेला नको, सोयामुळे गोळी शरीरात कमी शोषली जाते. गोळी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर, अंडी-दूध निदान अर्ध्या-एक तासाने आणि सोया थेट रात्रीच्या जेवणात ठेवा. रोज खायला लागलात तर डॉक्टरांच्या कानावर घाला, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) बघून डोस बदलायचा का ते तेच ठरवतील.