कराचीच्या ३४ अजिंक्य कसोट्या: मैदानाच्या वहीत पान एकच हवं का?

(सोलापूरकरांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पार्क चौक
कराचीच्या नॅशनल स्टेडियमचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: तिथं पाकिस्तान ३४ कसोट्या हरलाच नाही. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारताविरुद्ध पहिली कसोटी आणि पहिला पराभव थेट डिसेंबर २००० मध्ये, इंग्लंडकडून. आकडा बरोबर आहे. तो मैदानाच्या नावावर चढवायला माझी हरकत आहे.

त्या ३४ पैकी १७ जिंकल्या आणि १७ अनिर्णित राहिल्या, म्हणजे निम्म्यांत निकालच नाही. सुरुवातीच्या कसोट्या मॅटिंगवर (काथ्याच्या चटईवर) झाल्या, नंतरच्या टर्फवर (माती-गवताच्या पट्टीवर). मधली काही वर्षं तिथं आठ चेंडूंचं षटक होतं. भिंत तीच, पण आतली खेळपट्टी वेगळी. माझं म्हणणं असं, की मैदानाच्या नोंदवहीत खेळपट्टीचा प्रकार बदलला की नवं पान सुरू करायचं. वरची बेरीज पुढच्या पानावर न्यायची नाही.

हे सोलापुरात बसून बोलायला कारण आहे. भारताचा वेगवान गोलंदाज सलील अंकोलाचा जन्म सोलापूरचा आणि त्याची एकमेव कसोटी कराचीच्या याच मैदानावर झाली, १५ नोव्हेंबर १९८९ ला सुरू झालेली, सचिन आणि वकार युनूसच्या पदार्पणाचीच. ज्यांचं बालपण सोलापुरात गेलं ते पॉली उम्रीगर १९५५ च्या पहिल्या कसोटीत होते. शिवाय आपलं पार्क मैदान आता नव्यानं उभं राहिलंय, जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र–मणिपूर रणजी सामना इथं झाला. पार्कच्या नोंदी नीट लिहायला घ्यायच्या तर पद्धत आधी ठरली पाहिजे.

नवी पेठ
अजिबात पटलं नाही. मैदान म्हणजे नुसती बावीस यार्डांची पट्टी नव्हे. हवा, उजेड, आउटफिल्ड (पट्टीभोवतीचं मैदान), गर्दी सगळं त्यात आलं. पाहुण्या संघाला पंचेचाळीस वर्षं तिथं जिंकता आलं नाही, ही वस्तुस्थिती आहे, तिचे तुकडे कशाला करायचे?

आपल्या भारताचंच बघा. १९५५ अनिर्णित, १९७८ हार, डिसेंबर १९८२ डावानं हार, १९८३ अनिर्णित, १९८९ अनिर्णित, २००६ मध्ये ३४१ धावांनी हार. सहा कसोट्या, एकही विजय नाही. यात मॅटिंगही आलं, टर्फही आलं, घरचे पंच आले आणि तटस्थही आले. १९८९ ला जॉन हॅम्पशायर आणि जॉन होल्डर हे दोघेही तटस्थ पंच होते, तरी विजय हाती लागला नाही. पट्टी बदलून निकाल बदलत नसेल तर पान बदलायचं कारण काय?

आणि १७ अनिर्णित कसोट्यांना कमी लेखू नका. १९७८ ला गावसकरांनी दोन्ही डावांत शतक काढलं, १११ आणि १३७, तरी पाकिस्ताननं शेवटच्या दुपारी १६४ धावा पंचवीस षटकांच्या आत काढल्या. तिथं कसोटी वाचवणंसुद्धा सोपं नव्हतं.

मॅटिंगवाला
नवी पेठ साहेब, मॅटिंग आणि टर्फ यांत काय फरक पडतो ते आधी बघू, मग पानाचं ठरवू.

काथ्याची चटई कडक जमिनीवर अंथरतात आणि कडेनं खिळे ठोकून ताणतात. ताण चांगला असेल तर चेंडू उंच आणि जलद येतो. ताण सैल असेल तर चेंडू काथ्यात पकडला जातो, थांबून येतो आणि जास्त वळतो. एखाद्या ठिकाणी चुणी राहिली तर त्याच जागेवरून चेंडू कधी उसळतो, कधी खाली राहतो. खिळ्यांचे बूट चालत नाहीत, रबरी तळव्याचे लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पाच दिवसांत चटई फारशी बदलत नाही. टर्फला भेगा पडतात, बोलरच्या पावलांनी खड्डे होतात, चौथ्या-पाचव्या दिवशी फिरकीला धार येते. मॅटिंगवर हे जवळपास नाहीच. म्हणजे टॉस जिंकून काय घ्यायचं, कोणता बोलर कधी आणायचा, हे सगळं गणितच दुसरं.

ऑक्टोबर १९५६ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी घ्या. पहिल्या दिवशी ऑस्ट्रेलिया ८० धावांत गारद, त्याला ५३.१ षटकं लागली, आणि फजल महमूद व खान मोहम्मद या दोघांखेरीज तिसऱ्यानं चेंडू हातात घेतला नाही. फजलचे ३४ धावांत ६ बळी, खानचे ४३ धावांत ४. पाकिस्तान दिवसअखेर २ बाद १५. दिवसभरात ९५ धावा, कसोटीतला सगळ्यात संथ दिवस. फजलचा लेगकटर (लेगकडून ऑफकडे वळणारा जलद चेंडू) काथ्यात रुतून वळायचा, तो टर्फवर तसा वळला नसता. सामन्यात १३ बळी घेतले त्यानं. फेब्रुवारी २००९ ला त्याच मैदानावर श्रीलंका ७ बाद ६४४ आणि पाकिस्तान ६ बाद ७६५. हे दोन आकडे एका तक्त्यात 'नीचांक' आणि 'उच्चांक' म्हणून लावले, तर वाचणाऱ्याला मैदानाबद्दल काय कळणार?

सात रस्ता
मॅटिंगचं मान्य. पण टर्फचं एक पान केलं म्हणजे झालं, असंही नाही.

डिसेंबर १९८२, इम्रान ६० धावांत ८ बळी. सुक्या, खरखरीत पट्टीवर आणि कमी गवताच्या आउटफिल्डवर चेंडूची एक बाजू लवकर घासली जाते. दुसरी बाजू घामानं, आणि तेव्हा चालायचं म्हणून थुंकीनंही, गुळगुळीत ठेवायची, आणि खरखरीत बाजूला पाणी लागू द्यायचं नाही. साधारण चाळीस षटकांनंतर, बोलरकडे पुरेसा वेग असेल तर, चेंडू चकचकीत बाजूच्या दिशेनं आणि उशिरा वळतो. बॅट्समनला वळण दिसेपर्यंत चेंडू पायावर आदळलेला असतो. नवा चेंडू आला की हे थांबतं. याउलट २९ जानेवारी २००६. पहिल्याच षटकात इरफान पठाणची हॅटट्रिक: चौथ्या चेंडूवर सलमान बट, पाचव्यावर युनूस खान, सहाव्यावर मोहम्मद युसूफ. तो नव्या चेंडूचा, सकाळच्या ओलाव्याचा स्विंग. पाकिस्तान ६ बाद ३९ होता. मग कामरान अकमलनं ११३ काढल्या आणि पाकिस्ताननं सामना ३४१ धावांनी घेतला. एकच मैदान, टर्फचीच पट्टी, आणि गोलंदाजी दोन टोकांची. यासाठीही दोन पानं करणार का?

पार्क चौक
सात रस्ता, नाही करणार. टर्फ हा एक प्रकार, त्याचा स्वभाव बदलला तर तो शेऱ्यात लिहायचा. पान फक्त चार गोष्टींनी बदलावं: मॅटिंगचं टर्फ झालं, चौकातली (मधल्या पट्ट्यांच्या चौकोनातली) माती उकरून दुसरी भरली, सीमारेषा आत-बाहेर झाली, किंवा षटकाच्या चेंडूंची संख्या बदलली.

सीमारेषेचं लोक विसरतात. आंतरराष्ट्रीय नियमात वापरातल्या पट्टीच्या मध्यापासून सीमेचा दोर कमीत कमी ५९.४३ मीटर आणि जास्तीत जास्त ८२.२९ मीटर. तेवीस मीटरांचा फरक! एका टोकाला झेल, दुसऱ्या टोकाला षटकार. फेब्रुवारी २०२५ ला कराचीत पाकिस्ताननं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ३५३ चं लक्ष्य ४ बाद ३५५ करून गाठलं. १९८७ च्या विश्वचषकात व्हिव रिचर्ड्सनं श्रीलंकेविरुद्ध १८१ काढल्या आणि वेस्ट इंडीजनं ४ बाद ३६०. दोन्ही सामन्यांत दोर किती अंतरावर होता हे शेजारी लिहिल्याशिवाय मी त्यांची तुलना करणार नाही.

विजापूर वेस
२००० च्या कसोटीचं कुणी सविस्तर लिहिलं नाही. ३४ कसोट्यांची अजिंक्य मालिका तुटली ती उजेडावर. पाकिस्तान ४०५, इंग्लंड ३८८ (ॲथर्टन १२५), पाकिस्तान दुसऱ्या डावात १५८. इंग्लंडला १७६ हव्या होत्या आणि डिसेंबरातली कराचीची संध्याकाळ, सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळणार. पाकिस्तानचा कर्णधार मोईन खाननं षटकं हळू टाकायला लावून वेळ काढला. पंच स्टीव्ह बकनर यांनी अंधुक उजेडाची त्याची विनंती मानली नाही, कारण उशीर पाकिस्ताननंच केला होता. फिल्डरला चेंडू दिसत नव्हता, थॉर्प नाबाद ६४, आणि इंग्लंडनं सहा गडी राखून जिंकलं.

म्हणजे ज्या उजेडानं किल्ला राखला असता, त्याच उजेडात तो पडला. नवी पेठ, हवा-उजेड मैदानात धरायचं म्हणता ना? मग तो पराभवही मैदानाचाच धरा.

नवी पेठ
धरला की. मी काही लपवत नाही. मैदानाचं यश धरायचं तर अपयशही धरायचं, म्हणूनच पान एक हवं!

उलट तुमचीच बाजू कमजोर होते असं एक उदाहरण देतो. ऑक्टोबर १९९४, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३१४ चं लक्ष्य. शेवटच्या जोडीला ५७ हव्या, इंझमाम आणि मुश्ताक अहमद. तीन धावा बाकी असताना इंझमाम फिरकीपटू वॉर्नला पुढे सरसावला, चुकला, यष्टिचीत होण्याऐवजी चेंडू यष्टिरक्षक हीलीच्या हातून निसटून सीमेपार गेला आणि चार अवांतर धावा. एका गड्यानं विजय. तो चेंडू हातात बसला असता तर अजिंक्य मालिका १९९४ लाच तुटली असती. पण नाही तुटली, आणि नोंद घडलेल्या गोष्टीची असते. 'झालं असतं' याचं पान नसतं.

स्कोअरबुक
दोघांनाही एक सांगतो. आधी नोंद बरोबर मैदानाच्या वहीत आहे का ते तपासा, पानं नंतर.

हनीफ मोहम्मदच्या ४९९ धावा कित्येक जण नॅशनल स्टेडियमवर टाकतात. त्या तिथल्या नाहीतच. जानेवारी १९५९ मध्ये कराचीतल्याच पारशी इन्स्टिट्यूटच्या मैदानावर बहावलपूरविरुद्ध झाल्या. शहर तेच, मैदान वेगळं. आणि त्या डावातच नोंदीची किती किंमत असते ते दिसतं: फलकावर ४९६ दिसत होते, प्रत्यक्षात हनीफ ४९८ वर होता. दिवसाचे शेवटचे दोन चेंडू उरलेत असं समजून त्यानं स्ट्राइक राखायला (शेवटचा चेंडू स्वतः खेळायला) दुसरी धाव घ्यायचा प्रयत्न केला आणि धावबाद झाला.

आपल्याकडचा भाऊसाहेब निंबाळकरांचा डाव असाच. डिसेंबर १९४८, पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ पासून नऊ धावा दूर, आणि काठियावाडनं सामनाच सोडला. त्यापुढं कुठलं 'पान' लावणार? तिथं समोरच्या संघाचं वागणंच नोंदीत आलं पाहिजे.

म्हणून पार्क मैदानासाठी माझी सूचना. प्रत्येक सामन्याची एक ओळ, आणि त्यात: तारीख, पट्टीचा क्रमांक (चौकात अनेक पट्ट्या असतात, कुठली वापरली ते लिहायचं), पृष्ठभाग, माती काळी की लाल, शेवटचं रोलिंग किती मिनिटं, चारही बाजूंचं दोराचं अंतर टेपनं मोजून, टॉस, प्रत्येक दिवशी टाकलेली षटकं आणि उजेडामुळे गेलेली मिनिटं. दोन स्कोअररची बेरीज दर षटकाला जुळवायची, आणि फलक वेगळा दिसला तर तिथल्या तिथं माणूस पाठवायचा, चहापानाची वाट बघायची नाही.

मॅटिंगवाला
मातीच्या ओळीत एक भर घाला. काळ्या मातीत चिकणमाती जास्त असते, त्यामुळे ती घट्ट बसते, पण सुकताना मोठ्या भेगा देते. आपल्या सोलापूरच्या उन्हात पाणी किती तास आधी बंद केलं यावर पहिला दिवस ठरतो. ही वेळ क्युरेटरकडून (खेळपट्टी तयार करणाऱ्याकडून) त्याच दिवशी विचारून लिहावी, आठवड्यानंतर कुणाला आठवत नाही.

नवी पेठ
एवढ्या रकान्यांना माझा विरोध नाही. प्रत्येक ओळीत पृष्ठभाग लिहिणार असाल तर वेगळ्या पानाची गरजच राहत नाही, ज्याला वेगळं काढायचं तो काढेल. पहिल्या पानाच्या माथ्यावरची बेरीज मात्र एकच ठेवा.

पार्क चौक
रकाने घेतो, माथ्यावरची एकच बेरीज घेत नाही. मॅटिंगची वेगळी, टर्फची वेगळी, शेजारी-शेजारी. पार्कवरच्या टर्फची पहिली ओळ मणिपूरच्या सामन्यापासून सुरू करतोय. त्या सामन्यात दोर किती मीटरवर होता हे ज्याच्याकडे लिहिलेलं असेल त्यानं इथं टाकावं. अंदाज नको, मोजलेला आकडा हवाय.