मदत हवी आहे: प्रोस्टेटची गोळी आणि बाबांची चक्कर

नमस्कार मंडळी, बाबा ७२ वर्षांचे, प्रोस्टेट वाढलंय म्हणून टॅमसुलोसिन ०.४ मिग्रॅ चालू आहे, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन आधीपासूनच. लघवीची धार बरीच सुधारली पण रात्री बाथरूमला उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, पलंगाची कड धरून जरा बसावं लागतं मग पुढे.

मी वाचलंय ते असं की या गटातल्या गोळ्या अल्फा-१ रिसेप्टर (पेशींवरची, स्नायू आवळायला लावणारी जागा) अडवतात. ते तीन प्रकारचे, १ए, १बी, १डी: १ए प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाशी जास्त, १बी रक्तवाहिन्यांत. प्राझोसिन, टेराझोसिन या गोळ्या तिन्ही प्रकारांना सरसकट धरतात म्हणून बीपी पडतं, टॅमसुलोसिनचा जोर १ए आणि १डीवर, सायलोडोसिन तर बहुतेक १एवरच. मग एवढी निवडक गोळी असून चक्कर का? अ‍ॅम्लोडिपिन सोबत आहे म्हणून, की रिकाम्या पोटी घेतल्याने? कारण तशी घेतली तर रक्तात जास्त चढते आणि आमचे बाबा जेवणाआधीच गोळी गिळून मोकळे होतात, सांगून थकलो.

डॉक्टर टॅमसुलोसिनऐवजी सायलोडोसिन ८ मिग्रॅ करून बघू म्हणतायत. कोणाच्या घरी असा बदल झालाय का, उभं राहिल्यावरचं बीपी खरंच सावरलं का?

अजून एक, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरतंय. डोळ्याच्या बाहुलीच्या स्नायूतही हाच १ए असतो, त्यामुळे ऑपरेशनमध्ये बाहुली नीट मोठी राहत नाही म्हणे, गोळी बंद केली तरी. म्हणजे निवडक ती रिसेप्टरपुरती, अवयवापुरती नाही! डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगणार आहेच, मनाने गोळी बंद करणार नाही, पण ज्यांनी गोळी चालू असताना ऑपरेशन केलंय त्यांनी अनुभव सांगा प्लीज.