फाटलेला ओठ : दोष फवारणीचा की ग्रहणाचा?

प्रश्न (पऱ्हाटीवाला, घाटंजी तालुका)
फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला मुलगी झाली. तिचा वरचा ओठ दुभंगलेला आहे. 7 सप्टेंबर 2025 च्या चंद्रग्रहणात वेध लागल्यावर माझ्या पत्नीने विळीवर भाजी चिरली, त्याचेच हे फळ, असे आई म्हणते. मला मात्र दोष माझाच वाटतो, कारण पोळ्यापासून मी रोजमजुरीने पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी करत होतो आणि औषधाने भिजलेले माझे कपडे तीच धूत असे. खरे काय समजावे?

उत्तर (निवृत्त आरोग्यसेविका, वर्धा)
आधी महिने मोजा. बाळ पूर्ण दिवसांचे असेल, तर गर्भ मेच्या उत्तरार्धात राहिला. वरचा ओठ गर्भधारणेनंतर चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. म्हणजे आषाढी एकादशीच्या आसपास ते काम आटोपले होते. पोळा आणि ग्रहण दोन्ही त्यानंतरचे. सूनबाईला बोल लावणे आजच थांबवावे.

उत्तर (कास्तकार, वाशीम)
हिशेब पटला, पण त्यावरून फवारणी निर्धोक ठरत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपण तर पंप खाली ठेवून त्याच हाताने तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतो! शिवाय जूनमध्ये तणनाशक मारले होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही.

पऱ्हाटीवाला
जूनच्या शेवटी चार दिवस मारले होते.

निवृत्त आरोग्यसेविका
तरीही एका बाळापुरते बोट ठेवून कारण सांगता येत नाही. आनुवंशिकता, आईचे धूम्रपान, तिचा आधीपासूनचा मधुमेह, फेफऱ्याची काही औषधे अशी अनेक कारणे यात गुंतलेली असतात. मजुरी एकदम सोडणे जमणार नाही, हे मी जाणते; पण पुढच्या वेळी दिवस जाण्याची शक्यता असेल तेव्हापासूनच फवारणीचे कपडे तुम्ही स्वतः, वेगळ्या बादलीत धुवा आणि आंघोळ करूनच घरात या. सध्या बाळाला उभे धरून सावकाश दूध पाजा. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात होते आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ती मोफत आहे. आशाताईंना सांगून नाव नोंदवा.

पऱ्हाटीवाला
नाव नोंदवले. आईने बोटांवर महिने मोजले आणि ग्रहणाचा विषय सोडला. आता ती तणनाशकावरून मलाच बोलते. ते मी ऐकून घेतो.