फोनमुळे मेंदूचं कवच गळतं का?

दिंडोरीचा बागायतदार: नमस्कार. तीन एकर द्राक्षबाग आहे. फेब्रुवारीत खुडा सुरू झाला की व्यापारी, मजूर, गाडीवाला, सगळं फोनवरच. रोज तीन-चार तास फोन कानाला असतो, त्यात बागेत रेंजची एकच दांडी. कान तापून निघतो. माझं सोडा, पण सोळा वर्षांची मुलगी नाशिकला कॉलेज रोडवर शिकायला आहे आणि ती फोन उशीखाली ठेवून झोपते. गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला, रेडिएशनने मेंदूचं कवच गळतं, उंदरांवर सिद्ध झालंय म्हणे. दोन रात्री डोळा लागला नाही. खरं काय ते सांगा.

जीवशास्त्रवाल्या मॅडम, नाशिकरोड: दादा, व्हिडिओतला प्रयोग खरा आहे, ‘सिद्ध झालं’ हे खरं नाही. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, म्हणून रक्तातलं नको ते मेंदूत शिरत नाही. हेच ते कवच. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात साल्फोर्ड यांच्या गटाने ३२ उंदीर घेतले, काहींना दोन तास मोबाइलसारख्या लहरी दिल्या आणि ५० दिवसांनी मेंदू तपासले. रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन बाहेर झिरपलेलं आणि काही चेतापेशी खराब झालेल्या दिसल्या. हे २००३ साली छापून आलं. पण २००९ मध्ये जपान, अमेरिका आणि फ्रान्समधल्या गटांनी तसेच प्रयोग करून पाहिले, त्यांना गळती दिसली नाही. दुसऱ्याच्या हातून तेच दिसेपर्यंत मी तरी ते पक्कं मानत नाही. मेंदू खरंच तापला तर कवच सैल होतं, पण फोनच्या लहरींनी तेवढा ताप चढत नाही. तुमचा कान तापतो तो मुख्यतः बॅटरीने आणि फोन दाबून धरल्याने.

मोबाइल रिपेअरिंग, सिडको: काका, रेंज कमी तेव्हा फोन जास्त जोर लावतो. बागेत स्पीकरवर बोला, नाहीतर वायरचा हेडफोन लावा. डायल पॅडवर *#०७# दाबलं की बहुतेक फोनवर सार (SAR) आकडा दिसतो, म्हणजे शरीर फोनच्या लहरींची किती ऊर्जा शोषतं ते. आपल्याकडे मर्यादा किलोला १.६ वॅट आहे. आणि चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली नकोच, बॅटरी तापते. ती भीती मला रेडिएशनपेक्षा मोठी वाटते.

दिंडोरीचा बागायतदार: मॅडम, जीव भांड्यात पडला. आत्ताच पोरीशी बोललो, स्पीकरवर. फोन आजपासून टेबलावर ठेवते म्हणाली. सकाळच्या गजराला जुनं घड्याळ रविवारी नेऊन देतो.